शेवटपर्यंत कोरी

"पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत कोरी! साधा हुंकारही ठेवला नाही मेल्याने," रेकॉर्ड कंपनीचे मालक खुर्चीत बसण्याआधीच बोलले.

खासगी गुप्तहेर असलेल्या ताईंनी त्यांच्यापुढे पाणी ठेवलं. मालकांची एकुलती एक लेक, रॉक बँडची गायिका, तीन महिन्यांपूर्वी गेली होती. तिच्या शेवटच्या गाण्याच्या टेपवरून फक्त तिचा आवाज पुसला गेला होता. वाद्यं शाबूत होती. मालकांचा संशय बँडच्या गिटारवाल्यावर, म्हणजे जावयावर. कंपनीने हे गाणं बाजारात आणू नये म्हणून तो हटून बसला होता.

"उद्या पोलिसांत देतो त्याला. बँडचा करारही रद्द!"

ताई दिराला घेऊन स्टुडिओत गेल्या. भाऊजींना मदतीची हौस दांडगी, उपयोग बेताचा.

"सोमवारी मीच लावली," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "पहिल्याच ओळीला आवाज नाही. घाबरून बंद केली, साहेबांना कळवलं, टेप माझ्या कपाटात कुलपात टाकली. पुन्हा कुणी लावलेली नाही."

"आवाज पुसला कसा जातो?"

"प्रत्येक वाद्याचा आणि गाणाऱ्याच्या आवाजाचा ट्रॅक वेगळा, आणि प्रत्येक ट्रॅकला लाल बटण आहे. ते दाबून टेप चालवली, की तेवढा ट्रॅक पुसला जातो."

"लावताना टेप मागे गुंडाळावी लागली?"

"नाही. एरवी आम्ही वाजलेली टेप तशीच ठेवतो, लावताना मागे घेतो. बँडवालेही तसंच करतात. ही मात्र सुरुवातीवर होती."

जावई जिन्यात बसला होता.

"स्टुडिओच्या किल्ल्या तीन. मी, रेकॉर्डिस्ट आणि बाबा. पण तिचा आवाज ऐकायची अजून हिंमत होत नाही हो माझी."

"नजर चुकवतोय," भाऊजी कुजबुजले. "हाच!"

"रडणारा माणूस नजर चुकवतोच, भाऊजी."

संध्याकाळी ताईंनी मालक, जावई आणि रेकॉर्डिस्ट तिघांना मशीनपाशी बसवलं.

"स्टुडिओतला माणूस टेप सुरुवातीला आणून ठेवत नाही. घरी कॅसेट ऐकणारा ठेवतो. आणि रेकॉर्डिस्टने एकच ओळ ऐकली होती. मग टेप शेवटपर्यंत कोरी आहे हे तुम्हाला कसं कळलं, साहेब?"

मालकांचा चेहरा पडला.

"रविवारी गुपचूप लावली होती. जावयासमोर रडायची लाज वाटायची. वाद्यं नको होती मला, नुसती पोर ऐकायची होती. म्हणून तिच्या ट्रॅकचं बटण दाबलं. आवाज येईना. आता येईल, आता येईल म्हणत शेवटपर्यंत बसलो. तोवर कुणीतरी पुसलाच होता, ताई!"

ताईंनी मशीनवरच्या त्याच बटणाकडे बोट दाखवलं. रेकॉर्डिस्टने मान खाली घातली. मालकांनी लाल बटणाकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं.

जावई उठून त्यांच्या शेजारी बसला.

"बाबा, ती गायली तेव्हा मी समोर होतो. सांगतो तुम्हाला, कशी गायली ते."

पण त्याला एक शब्दही सांगता येईना.