पॉइंटमधला कागद

गोपिकाने त्याला आधी ऐकलं आणि मग पाहिलं. श्रावणातली भुरभुर चालू होती, महाल भागातल्या त्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं, आणि दुकानाबाहेर कुणीतरी एका म्हाताऱ्या फटफटीला किकवर किक हाणत होतं. गाडी नुसतीच खोकत होती. गोपिका बाहेर आली तर एक उंच, सावळा तरुण, केसांतून पाणी निथळतंय, आणि चेहरा असा की गाडीने भर रस्त्यात त्याचा अपमान केला आहे.

"अंदर आणा न तिले," ती म्हणाली. "भिजून राहिली बिचारी."

"मी बी भिजून राहिलो," तो म्हणाला.

"तुमाले गंज नाही चढत."

तो हसला, आणि तिथेच सगळं बिघडलं म्हणायचं.

गाड्या दुरुस्तीचं ते दुकान तिच्या वडिलांचं, मारोतरावांचं. पण आजारपणानंतर त्यांचा उजवा हात थरथरायचा, त्यामुळे बारीक काम गोपिकाच करायची. लोकांना सांगायचं मात्र की बाबांनी केलं. तरुणाचं नाव गिरिधर, पाटबंधारे खात्यात कारकून. फटफटी त्याच्या काकांची जुनी, महादेवरावांची. याच काकांनी त्याला लहानाचं मोठं केलं होतं.

गोपिकाने इंजिनाच्या बाजूचं झाकण उघडलं आणि त्याला पॉइंट दाखवले – धातूचे दोन इवलेसे दाणे, एकमेकांना टेकणारे, दूर होणारे. त्यांच्यावर काजळी धरली होती. तिने जाडसर कागदाची पट्टी त्यांच्यामधून हलकेच ओढली आणि मग पट्टी त्याच्या हातात देऊन त्यालाही तसंच करायला लावलं. तेवढ्यात बोटांना बोटं लागली. दोघांनीही ते लक्षात न आल्यासारखं केलं.

"कागद काढाले विसरू नका पण," ती म्हणाली. "मधात राहिला तं ठिणगीच नाही पडत. दिवसभर किक मारा मग."

"एवढ्याशा कागदानं एवढी मोठी गाडी बंद?"

"एवढ्याशानंच बंद पडते जी. मोठ्यानं तं टुटते."

त्यानंतर फटफटीला नाना दुखणी जडली. कधी क्लच, कधी ब्रेक, कधी काहीच नाही. येताना तो संत्री आणायचा, मारोतरावांसाठी म्हणून. मारोतरावांना संत्री आवडत नाहीत, हे गोपिकाने त्याला कधीच सांगितलं नाही.

"आज काय झालं?" ती विचारायची.

"आवाज बरोबर येऊन नाही राहिला."

"कोणाचा?"

"...गाडीचाच."

दुकानात येणारा प्रत्येक जण तिचा भाऊ होता. बसा भाऊ, थांबा भाऊ. याला मात्र तिने कधी भाऊ म्हटलं नाही, आणि नावाने हाक मारायचा धीरही झाला नाही. काहीच न म्हणता ती सहा महिने त्याच्याशी बोलत राहिली. पोरगी चतुर होती, पण स्वतःच्या बाबतीत अगदीच बावळट.

थंडी सरताना एके दिवशी तो म्हणाला, की काकांनी रामटेकजवळची मुलगी बघून ठेवली आहे, घरची धानाची शेती आहे, रविवारी बघायला जायचं आहे. हे सांगताना तो चाकाकडे बघत होता. गोपिकाचा ताठाही काही कमी नव्हता. बोलायचं असेल तर त्याने बोलावं, आपण का म्हणून तोंड वेंगाडायचं? "जा न मग," ती म्हणाली, आणि पाना शोधायला लागली. पाना तिच्या हातातच होता.

रविवारी सकाळी ती मागे नळावर पाणी भरत होती. भांड्यांच्या खणखणाटात तिला काहीच ऐकू आलं नाही. समोर आली तर दारात फटफटी आणि फटफटीशेजारी गिरिधर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, भांग नीट पाडलेला. त्या शर्टाचाच तिला राग आला.

"बंद पडली," तो म्हणाला. "काका सकाळच्याच मोटारीनं गेले. सुरू नाही झाली तं... माझं जाणं होणार नाही."

"काहून नाही होणार? मी आहो न."

ती खाली बसली. घाईत बोट इंजिनाला लागलं आणि चांगलंच चटकलं. तिने झाकण उघडलं. पॉइंटमध्ये कागदाची पट्टी.

तिला हसूच फुटलं. "कागद तं मधातच राहिला. शिकवून काही उपयोग नाही तुमाले."

तिने काढलेली पट्टी गिरिधरने घडी घालून खिशात ठेवली.

"हो," तो म्हणाला. "विसरलो."

तिने स्वतःच किक मारली. एकाच किकमध्ये गाडी सुरू झाली.

"जाऊ मग?"

"सुरू झाली न. जा."

तो गेला. गोपिकाने भाजलेलं बोट तोंडात घातलं, आणि तशीच थबकली. इंजिन इतकं गरम होतं. म्हणजे गाडी त्याच्या खोलीपासून इथवर चालूच आली होती. आणि कागद मध्ये असता तर ती जागची हललीच नसती. मग कागद इथे घातला होता – या दारात, त्याच्या हाताने. त्याने विचारलं होतं, आणि तिने किक मारून उत्तर दिलं होतं.

ती गल्लीच्या तोंडापर्यंत धावली. रस्त्यावर सायकलरिक्षे होते, दूधवाले होते, तो नव्हता.

संध्याकाळी तो आला. कपाळावर कुंकू, हातात पेढ्यांचा पुडा. त्याने गाडी बंद केली नाही, पाय टेकून बसूनच राहिला.

"गिरिधर," ती म्हणाली. पहिल्यांदाच. "मले समजलं. गाडी गरम होती."

तो हँडलकडे बघत होता. "सकाळी समजाले पाहिजे होतं वं. काकांनी शब्द देऊन टाकला."

"तोंड नव्हतं का तुमाले?"

"तुले तरी होतं का?"

त्याने पुडा दारातल्या स्टुलावर ठेवला आणि गाडी वळवली. गोपिका दारात उभी राहून ऐकत राहिली, गल्लीच्या तोंडापर्यंत, तिथून मोठ्या रस्त्यापर्यंत. आवाज अगदी बरोबर येत होता. इतकी चांगली गाडी तिने आजवर कुणाचीच सुरू करून दिली नव्हती.