वीस बोगद्यांची गाडी

“तोंड मिटा बाई, नाहीतर अख्खं जहाज आत शिरेल…”

तो आवाज अजून कानात आहे. स्टॉकहोमचं ते म्युझियम, आत तिन्हीसांजेसारखा उजेड, आणि समोर चारशे वर्षांपूर्वीचं काळंभोर जहाज — मान मोडेपर्यंत उंच. मी नुकतीच “अगं बाई गं!” म्हणाले होते. आमचा ग्रुप पुढे गेलेला, आता इथे मराठी कुणाला कळणार, या भरवशावर. आणि पाठीमागून हे उत्तर!

वळून पाहिलं. निळं जॅकेट, वाढलेली दाढी, डोळ्यांत खट्याळ हसू.

“सॉरी हं. मी नचिकेत, मेलबर्नचा. तुमच्याच ग्रुपमध्ये आहे. फ्लाइट चुकली म्हणून एक दिवस उशिरा उगवलो.”

“मयूरा. आणि उशिरा उगवणाऱ्यांनी इतकं बोलायचं नसतं.”

“मग काय करायचं असतं?”

“पाटी वाचायची.”

त्याने खरंच पाटी वाचली, मोठ्याने. पहिल्याच सफरीला निघालं, बंदराबाहेरही पडलं नाही आणि बुडालं. तीनशे तेहतीस वर्षं पाण्याखाली. ऐकता ऐकता माझ्या ओठांवर दोन ओळी आल्या. आई कामं करता करता ओव्या जुळवायची, तीच खोड मला.

बुडालं गं गलबत, काढिती दोरखंडी
मनात बुडालं ते, बाई, कोण धुंडी?

“हे कुठलं?” त्याने हळूच विचारलं.

“माझंच. आत्ताचं.”

“पुन्हा म्हण ना…”

‘म्हणा’ नाही — ‘म्हण’. पहिल्या दहा मिनिटांतच!

सहल सिडनीच्या मराठी मंडळींची होती. मी विनीताकाकू आणि उल्हासकाकांबरोबर गेले होते. युनिव्हर्सिटीत शिकायला ऑस्ट्रेलियात आले तेव्हा सिडनीतच केलीव्हिलला त्यांच्याच घरी वरच्या खोलीत तीन वर्षं राहिले. पुढे पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी मिळाली, नोकरी लागली, सिडनीतल्याच पेंडल हिलला स्वतःचं भाड्याचं घर झालं. पण काकूंनी माझ्या आईला दिलेला शब्द काही संपला नव्हता. पोरगी माझ्या नजरेखाली आहे, काळजी नको.

त्या नजरेखालीच आम्ही दोघं आठ दिवस फिरलो. ऑस्लोत, ध्रुवाकडे जाऊन आलेली बोट बघायला निघालो तेव्हा फेरीच्या डेकवर माझी बोटं गारठली, तर त्याने आपले हातमोजे काढून दिले आणि स्वतः खिशात हात घालून शीळ घालत राहिला. बसमध्ये त्याची जागा रोज एकेक रांग पुढे सरकायची. पाचव्या दिवशी तो माझ्या शेजारी होता.

मग नॉर्वेतली ती गाडी. डोंगरमाथ्यावरून थेट खाडीपर्यंत उतरणारी, हिरव्या डब्यांची. रेल्वेचे सिग्नल बसवणं हाच नचिकेतचा धंदा, त्यामुळे तो लहान मुलासारखा खिडकीला चिकटलेला.

“वीस बोगदे आहेत, मयूरा. आणि अठरा मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. असा उतार रुळांवर कुठे बघायला मिळतो?”

“तू मुलींशी नेहमी असंच बोलतोस का रे?”

“नाही. इतर मुलींना बोगद्यांचा आकडा सांगत नाही. तो खास माणसांसाठी.”

वाटेत एका धबधब्यापाशी गाडी पाच मिनिटं थांबली. सगळे फलाटावर उतरले. पाण्याचे तुषार, कानठळ्या बसवणारा आवाज, निसरड्या फळ्या… त्याने माझा हात धरला. धरला तो सोडलाच नाही.

“मेलबर्नला येशील?” तो कानाशी येऊन म्हणाला. “फिरायला नाही म्हणत मी…”

माझ्या पापण्यांवर पाणी होतं. ते धबधब्याचं की माझं, मलाच कळेना. “आधी गाडीत तरी चढू या,” एवढंच म्हटलं, आणि हसले. मनात उत्तर तयार होतं. आत बसून, शांतपणे द्यायचं होतं.

आत काकू उभ्याच होत्या.

“मयूरा, हात का धरला होता गं त्याने?”

सगळा डबा आमच्याकडे वळला. मला काकूंच्या पाठीमागे पुण्यातली आई दिसली. आणि माझ्याच तोंडून माझ्या नकळत निघालं, “निसरडं होतं हो, काकू… तो… भावासारखा आहे मला.”

काकूंचा चेहरा असा उजळला! “अगंबाई, आणि आज राखी पौर्णिमा! विश्रामला बांधायला आणल्यात, त्यातली एक जास्तीची आहे. थांब हं.”

विश्राम म्हणजे त्यांचा भाऊ; तोही सहलीत होता. तो टाळ्या पिटायला लागला. उल्हासकाका तेवढे पुटपुटले, “अगं, पोरांना जरा बाहेर बघू दे की…” पण काकूंच्या पर्समधून राखी निघालीसुद्धा.

नचिकेत माझ्याकडे बघत होता. कितीतरी वेळ. मग त्याने सावकाश उजवा हात पुढे केला.

“बांध,” तो म्हणाला. अगदी हळू.

तेवढ्यात बोगदा आला. मला वाटलं, या अंधारात म्हणावं — नको रे, हात मागे घे. बोगदा संपला. मी गाठ मारली. त्याने खिशातलं चॉकलेट काढून माझ्या तळहातावर ठेवलं, आणि उरलेल्या बोगद्यांत तो एकदाही माझ्याकडे वळला नाही.

तीन वर्षं झाली. दर ऑगस्टमध्ये काकू आठवण करून देतात आणि मी त्याच्या मेलबर्नच्या, पॉइंट कुकच्या पत्त्यावर राखी पाठवते. त्याचा मेसेज येतो. ‘मिळाली. थँक्स.’ पुढे एक हसरा चेहरा.

परवा तो कामासाठी सिडनीत आला. दुपारी पेंडल हिल स्टेशनाजवळच्या हॉटेलात आम्ही डोसा खाल्ला. दाढी आता नीट कातरलेली. बोलता बोलता त्याने फोन पुढे सरकवला. एका मुलीचा फोटो. शांत, गोड चेहरा.

“तेजश्री. पुण्याची आहे. डिसेंबरमध्ये लग्न.”

“छान आहे रे,” मी म्हणाले. आणि होतीही ती छान.

“आईचं म्हणणं, करवली मयूराच हवी. सख्खी बहीण नाही ना मला…” तो चमच्याने सांबार ढवळत राहिला. “येशील?”

“रजेचं बघते.”

“नो वरीज. पण ये.”

बिल देऊन आम्ही स्टेशनात आलो. त्याच्या ट्रेनला चार मिनिटं होती. फलाटावर कॉलेजची पोरं खिदळत होती, ऊन मऊ पडलं होतं. वाटलं, हसून हात हलवावा आणि घरी जावं. तीन वर्षं जमलं, आणखी चार मिनिटं काय कठीण…

पण डोळ्यांपुढे मांडव आला. हातात करा घेऊन, नटूनथटून त्याच्या मागे उभी असलेली मी, आणि माझ्याकडे विश्वासाने बघून हसणारी ती मुलगी.

“नचिकेत, मी करवली नाही होऊ शकत.”

“रजा नाही मिळणार?”

“रजा मिळेल.”

खांद्यावरची बॅग त्याने खाली ठेवली.

“तुझं लग्न मोडावं म्हणून सांगत नाहीये. सुखाने कर. तेजश्रीला जप. पण मी तुझी बहीण म्हणून तिच्यासमोर उभी राहिले, तर ते खोटं होईल.” माझा आवाज कापत होता. कापू दिला. “त्या दिवशी गाडीत मी तुला उत्तर दिलं असं तू समजलास. ते उत्तर नव्हतं रे. ती भीती होती. उत्तर… उत्तर ‘हो’ होतं.”