आड बर्फाचा

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरल्या वसाहतीत पाण्याचा आड म्हणजे बर्फाने भरलेली एक खोल खाण. तिच्यातला हिमवितळक वीज वाचवायला दिवसातून वीसच मिनिटं चालायचा, मिनिटाला दीडशे लिटर पाणी टाकीत सोडायचा आणि तेवढ्यावर साठ माणसं आंघोळीला काट मारून सुखाने नांदायची.

"आगीसाठी मिनिटाला दोन हजार लिटरचा पंप मागवलाय," वसाहतप्रमुख नाईकवाडी मिशीला पीळ देत म्हणाले. "पाच मिनिटांत खलास!"

"आग नाही सर, टाकी," अग्निशमन अभियंता ऊर्वी ताकवले म्हणाली. "टाकीत पाणी नऊ हजार लिटर. कोठाराची आग विझवायला अर्धा तास तरी मारा हवा. मिनिटाला तीनशे टाकीचे, दीडशे वितळकाचे. साडेचारशेचा पंप पुरे. पंप पाणी ओढतो, बनवत नाही. टाकी कोरडी पडली की हवा गिळून बोंबलत बसेल."

"आणि तेवढ्याने आग विझली नाही तर?"

"आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

या म्हणीपुढे नाईकवाडींची मिशी उतरली. तरी आलेला मोठा पंप त्यांनी हट्टाने साडेचारशेच्या छोट्याच्या शेजारी बसवलाच. मग ऊर्वीनेही हट्टाने त्याच्या झडपेला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

कोठार खाणीच्या तोंडावरच होतं. त्याच्या जमिनीला जाळी होती, सांडलेला थेंबन् थेंब पुन्हा बर्फावर पडावा म्हणून. ही काटकसरही ऊर्वीचीच.

जेवणाची घंटा झाली आणि कोठारात आग भडकली. मागच्या रोपगृहात फारूख मुल्ला अडकला होता. माणसांपेक्षा वांग्यांशी जास्त बोलणारा, पण सगळ्यांचा लाडका. कोठारातली हवा बाहेर सोडली असती तर आग क्षणात विझली असती, पण त्याच हवेवर फारूख जगत होता. छोटा पंप सुरू झाला. आग काही हटेना.

"कुलूप काढ!" नाईकवाडी ओरडले.

ऊर्वीची नजर टाकीच्या काट्यावर होती. काटा उतरायला हवा होता. तो चढत होता.

ही कसली गंमत? वितळक तर दीडशेच देत होता. बाकीचं पाणी येतंय कुठून? तिने जाळीखालचा कॅमेरा लावला. खाण वाफेने भरली होती आणि बर्फाचे कडे भराभर पाझरत होते.

"सर, आगच बर्फ वितळवतेय! लिटरभर पाण्याची वाफ जाळीतून खाली जाऊन बर्फावर निवली की चार-पाच किलो बर्फ वितळतो. आड मी शांत दिवशी मोजला. आग लागलेल्या दिवशी तो किती देतो, हे मी विचारलंच नाही."

"मग मोठा पंप चालेल?"

"आग जितकी मोठी तितकं पाणी जास्त. निदान हिशेब तसं म्हणतो." हिशेब एकदा चुकला होता, पुन्हा चुकला तर फारूख गेला. तिने कुलूप काढलं.

मोठा पंप धडधडला. पडद्यावर धूरच धूर. टाकीचा काटा थोडा वेळ जागीच राहिला, मग उतरू लागला, मग धावत सुटला. आणि पंप बोंबलायला लागला, कोरडा, तिने सांगितलं होतं अगदी तसाच.

नाईकवाडी मटकन खाली बसले. "संपलं. आड आटला."

ऊर्वीलाही क्षणभर तेच वाटलं. मग तिने खाणीतून येणाऱ्या पाण्याचा आकडा पाहिला. बरोबर दीडशे. एकट्या वितळकाचं पाणी.

"सर," ती आकड्यावर बोट ठेवत म्हणाली, "बर्फाला वितळवणारं आता काही उरलेलं नाही. आड आटला, म्हणजे आग विझली."

तेवढ्यात संदेशयंत्रातून फारूखचा वैतागलेला आवाज आला, "ऊर्वीताई, तो पंप बंद करा आधी! आग कधीच विझलीय. माझी रोपं घाबरलीत."

ऊर्वी हसता हसता रडायला लागली.

"म्हणजे माझाच पंप बरोबर होता," नाईकवाडी मिशीकडे हात नेत म्हणाले.

"पंप बरोबर होता, सर. तुमचं कारण चुकीचं होतं."

तिने कुलपातली किल्ली काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.