गिटारला नीळ

शलोमीने आत्याच्या गिटारला नीळ घातली, तेव्हा घरात फक्त ठोंब्या होता. ठोंब्या म्हणजे शलोमीच्या घरी, गायकवाडांकडे घरकाम करणारा यंत्रमानव. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, अशी त्याला सक्त ताकीद होती. आणि शलोमीने विचारलं नव्हतं.

तिला घाई होती. सुवार्ता आत्या चंद्रावरच्या तळावरून आज दुपारी नगरला पोचणार होती. सहा वर्षांपूर्वी जाताना तिने आपली पांढरीशुभ्र गिटार शलोमीच्या हवाली केली होती. "जप हं," एवढंच म्हणाली होती. आता ती गिटार म्हाताऱ्या दातासारखी पिवळी दिसत होती. महिन्याभराने आत्या पुन्हा जाणार. पुन्हा गिटार आपल्याकडे ठेवेल? या विचाराने शलोमीला नाश्ता गेला नव्हता.

सदरे पिवळट झाले की बाबा पाण्यात नीळ टाकतात, हे तिने पाहिलं होतं. तिने ओल्या फडक्यावर नीळ घेतली, जरा सढळ हातानेच, आणि गिटारवर फिरवली.

गिटार हिरवट झाली.

"ठोंब्या," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "आता विचारते."

"विचारा, ताई. मी कधीचा थांबलोय."

त्याने आधी नीळ पुसून काढली. मग ओरखडे पडू नयेत म्हणून तारांखाली बसवलेली काळी पट्टी स्क्रू काढून उचलली. खाली गिटार दुधासारखी पांढरी होती, अगदी पट्टीच्याच आकारात.

"म्हणजे ही मळली नाहीये?"

"मळ असता तर फडक्याला लागला असता. पडदे ओढा."

अंधार झाल्यावर ठोंब्याने छातीतला लाल दिवा लावला. पांढरा भाग आणि पिवळा भाग सारखेच दिसले. मग दिवा निळा केला. पांढरा भाग लख्ख निळा झाला. बाकीची गिटार मात्र काळपट.

"तिथला निळा उजेड कुठे गेला?" शलोमीने विचारलं. "गिटारने खाल्ला?"

"तिच्यावरच्या लॅकरने (रंग जपणाऱ्या पारदर्शक लेपाने). खालचा रंग अजून पांढराच आहे. पांढरा म्हणजे आलेला सगळा उजेड परत पाठवणारा. लॅकरचे रेणू (पदार्थाचे अतिसूक्ष्म कण) लांब साखळ्यांसारखे असतात. उन्हातले अतिनील किरण (डोळ्यांना न दिसणारे, जोरकस किरण) त्या साखळ्या तोडतात. तुटल्या जागी हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो. हे झालं ऑक्सिडीकरण. त्यातून ज्या नव्या जोडण्या तयार होतात, त्या निळा उजेड गिळतात."

"आणि निळा वजा केला की उरलेला उजेड पिवळा दिसतो."

"दिसतो."

"मग बाबांचे सदरे कसे पांढरे होतात?"

"चिमूटभर निळीने. नीळ पिवळ्या-लाल बाजूचा थोडा उजेड खाते. सगळेच रंग थोडेथोडे कमी झाले, की डोळ्याला पांढरं वाटतं. तुम्ही मूठभर घातलीत."

शलोमीने गिटारवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "पेटीत ठेवली असती तर?"

"एवढी पिवळी पडली नसती. तुम्ही रोज खिडकीत बसून वाजवलीत."

"म्हणजे मीच केलं."

अशा वेळी काय बोलायचं, हे ठोंब्याला कुणी शिकवलं नव्हतं. "तुम्ही आणि सूर्याने," तो म्हणाला.

तेवढ्यात दार वाजलं. चंद्रावर राहून पृथ्वीवरच्या वजनाची सवय मोडल्यामुळे आत्या पाय ओढत चालत होती. तिने बूटही काढले नसतील, तोवर शलोमीने एका दमात सगळं सांगून टाकलं, निळीसकट.

आत्याने पांढऱ्या भागावरून बोट फिरवलं, मग पिवळ्या भागावरून. तिथे ते बराच वेळ फिरत राहिलं.

"तिकडे मला एकच काळजी होती," ती म्हणाली. "ही पेटीत पडून राहिली असेल, पांढरीच्या पांढरी."

"म्हणजे चालेल?"

"चालेल काय, बये? काय काय वाजवलंस ते ऐकव. आणि पुढेही ही तुझ्याकडेच राहणार."

"पट्टी बसवू?" ठोंब्याने विचारलं.

"थांब." शलोमीने कागदावर आपला पंजा ठेवला, भोवतीने पेन्सिल फिरवली, तो आकार कापला आणि गिटारच्या पांढऱ्या भागावर चिकटवला.

"अगं, पट्टीशिवाय ओरखडे पडतील," आत्या म्हणाली.

"पडू देत. पुढच्या वेळी तू आलीस की कागद काढू. माझा आत्ताचा हात तिथे पांढरा राहिलेला असेल."

"बोटांची टोकं पिवळ्या भागावर गेलीत, ताई," ठोंब्या म्हणाला. "ती पांढरी होणार नाहीत."

"माहितीये मला," शलोमीने गिटार मांडीवर घेतली. "तू पडदे उघड."