दोन अंगठ्यांचा हातमोजा

सरोवराकाठच्या आमच्या गिमली गावात मला थापाड्या म्हणतात. बर्फाखालून वासराएवढा मासा काढल्याची गोष्ट मी तीन वेगवेगळ्या मापांत सांगितली आहे, ते कबूल. पण ही गोष्ट घडलेली आहे, आणि हिचं माप मी बदललेलं नाही.

फेब्रुवारीतला सोमवार. दुपारचे तीन. बाहेर हिमवादळ, आणि मी माझ्या धाकट्या बहिणीच्या, हिल्दूरच्या तळघरात, वॉशिंग मशीनसमोर स्टुलावर बसलेलो.

चाळीस वर्षं मी गावातली मशीनं दुरुस्त केली. हिल्दूरची तक्रार साधी होती. कपडे धुऊन व्हायचे, पाणी निघून जायचं, पिळण्यासाठी ड्रम गरगरू लागला की…

टिक.

बंद.

झाकण उघडल्यावर मशीन थांबतं, अगदी तसं. फक्त झाकण कुणी उघडलेलं नसायचं.

तिची मुलगी सुन्नेवा जिन्यात उभी होती. "मामा, खरं सांग. मशीन बिघडलंय की आई? हीच झाकण उघडते आणि विसरते. वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झालीय. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

"मी इथेच आहे गं," हिल्दूर म्हणाली. "बहिरी नाही झाले अजून."

"सकाळी माझ्या कॉफीत दोनदा साखर घातलीस."

"तुझ्या जिभेला तेवढी लागतेच."

म्हणजे मशीनमध्ये बिघाड सापडला तर माझी बहीण घरी राहणार. नाही सापडला तर जाणार.

मी पट्टा पाहिला. पंप पाहिला. नळी पाहिली. झाकणाखालच्या स्विचला मीटर लावला.

सगळं ठणठणीत. धडधाकट मशीन पाहून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

दोघींना वर पाठवलं. खिळ्यांचा भरलेला डबा, चांगला पाच किलोचा, झाकणावर ठेवला आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

ड्रम गरगरू लागला.

डबा हलला…

थरथरीने असेल, म्हटलं.

मग झाकण वर आलं. हळू… आत हात जाईल इतकं. डबा घसरला, खिळे फरशीभर झाले.

टिक.

झाकण आपसूक मिटलं. ओल्या लोकरीचा वास आला… आणि सरोवराचा.

"थोरलाकुर आहे तो," मागून आवाज आला. हिल्दूर कॉफीचा कप घेऊन उभी होती. "मशीन सुरू झालं की धावत यायचा. 'थांब गं, हा एक हातमोजा राहिला,' म्हणत."

थोरलाकुर तिचा नवरा. मासेमार. दोन हिवाळ्यांपूर्वी गोठलेल्या सरोवरावरून जाताना गाडीसकट बर्फाखाली गेला. सरोवराने त्याला परत दिलं नाही.

"सुन्नेवाला सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आज इथे असते का, दादा?"

मी निमूटपणे स्विच काढला, नवा बसवला आणि वर हाक मारली, "सापडलं गं. स्विच गेला होता."

सुन्नेवासमोर मशीन शेवटपर्यंत चाललं. तिने फोन करून खोली नको म्हणून कळवलं.

चांगला भाग मी कधी फेकत नाही. ती खोडच आहे. जुना स्विच खिशात घातला. माझ्या मशीनचा सैल झालाच होता, घरी येऊन त्या जागी हा बसवला.

पुढचा सोमवार. माझं तळघर.

टिक.

मी एकटा राहतो.

मी झाकण उघडलं. माझ्या शर्टांवर एक राखाडी हातमोजा पडला होता. त्याला दोन अंगठे. आमचे जुने मासेमार तसलेच घालायचे, तळवा झिजला की फिरवून दुसऱ्या बाजूने. तसले विणणारी आता गावात एकटी हिल्दूर.

आत बर्फाचे खडे होते.

तेवढ्यात फोन वाजला.

"दादा, माझं मशीन नीट चालतंय," हिल्दूर म्हणाली. "फारच नीट."

मी हातमोजा झटकला. खडे फरशीवर पडले.

"तुझ्याकडे आलाय ना?"

स्विच परत तिच्याकडे बसवला तर पुन्हा आश्रमाचं निघणार. म्हणून दर सोमवारी हिल्दूरच कपड्यांची टोपली घेऊन माझ्याकडे येऊ लागली. ती खाली स्टुलावर बसते, मी वर पत्ते मांडतो. तिचं बोलणं ऐकू येतं. मधेच ती थांबते… कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

काल निघताना तिच्या हातात तो हातमोजा होता. ओलाच.

"अगं, वाळव तरी."

"आता दुसरा तेवढा राहिलाय," ती म्हणाली. "पुढच्या सोमवारी आणतो म्हणालाय. जोडी झाली की निघायचं."

"कुठे?"

तिने खिडकीतून सरोवराकडे पाहिलं.

"बर्फ वितळायच्या आत," म्हणाली.

ती जाताच मी स्विच काढला. आत्ता तो माझ्यासमोर स्वयंपाकघराच्या टेबलावर आहे. त्याला तार नाही. वीज नाही. काढून ठेवल्यापासून मी हातही लावलेला नाही.

एवढं लिहिलं, आणि…

टिक.