पूर्ण एक मिनिट

निकिता वाघमोडेच्या वर्गाला नाडी मोजता येत होती, ती केवळ साळवे सिस्टरांच्या हट्टापायी. अभ्यासक्रमातून तो धडा केव्हाच गेला होता. पण माणदेशातल्या त्या तीन खोल्यांच्या नर्सिंग कॉलेजात सिस्टरांपुढे अभ्यासक्रमाची काय टाप! मनगट धरायचं ते पूर्ण एक मिनिट, हा त्यांचा दंडक.

रुग्णालयात हे काम आता पहारापट्टी करी. दोन बोटं रुंद पट्टी मनगटावर चिकटवली की नाडी, रक्तदाब, प्राणवायू सगळं खाटेजवळच्या पडद्यावर उमटे आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षातही दिसे. परिचारिकांच्या नोकऱ्या उरल्या होत्या त्या त्याच कक्षात. त्यासाठी शेवटची परीक्षा: दहा खाटा, प्रत्येकीला एक मिनिट, पडदा वाचून निर्णय सांगायचा. दोनदा वेळ चुकली आणि परीक्षकांनी शिक्का मारला की नापास, आणि नापासाला दुसरी संधी नाही. निकिताला ही नोकरी हवी होती, अगदी जिवापाड.

परीक्षेत चौथ्या खाटेवर हौसाबाई होत्या. दोनच दिवसांपूर्वी त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. पडद्यावर नाडी शहात्तर, रक्तदाब उत्तम. "प्रकृती स्थिर" एवढं म्हटलं की झालं. पण म्हातारीच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरेफटक. निकिताने तिचा पदराखालचा हात ओढून घेतला. तो गार होता. नाडी बारीक, भरधाव पळत होती. मिनिटभरात एकशे बत्तीस ठोके. आणि मनगटावर पट्टीच नव्हती.

पट्टी सापडली सुनेच्या हातात, बांगड्यांच्या आड. ती बिचारी शेजारी बसून मोसंबं सोलत होती.

"आंगूळ केल्याबिगर च्या घेत न्हाई म्या," हौसाबाई पुटपुटल्या. "पट्टी भिजली की यंत्र बोंबलतंय. म्हनून सुनंला लावली, ती ऱ्हायलीच."

निकिताने धावाधाव करून सर्जनना बोलावलं. पोटात रक्तस्राव होत होता. पाच मिनिटांत हौसाबाई ऑपरेशन थिएटरात गेल्या.

परीक्षक डॉ. हिरेमठांनी तिला मनापासून शाबासकी दिली. पण त्यांच्या हातातल्या टॅबलेटने वेळेची पहिली चूक नोंदवलीच होती. नाडी मोजल्याचे गुण द्यायला त्यात रकानाच नव्हता. पुढे फक्त पडदे वाच, पास होशील, असं त्यांनी तिला कळकळीने समजावलं.

निकिता पाचव्या खाटेशी गेली. तिथल्या आजोबांच्या मनगटावर पट्टी जागच्या जागी होती, पडद्यावर सगळं छान होतं. तिने पडदा वाचला आणि मग आजोबांचं मनगट धरलं.

"वाघमोडे, वेळ जातेय," डॉक्टर म्हणाले.

"माहीत आहे, सर. पण माझं मोजून झाल्याशिवाय मी स्थिर म्हणणार नाही."

तिला भीती वाटत होती. तरी बोटं हलली नाहीत. ती मनातल्या मनात मोजत राहिली. डॉक्टरांच्या हातातल्या टॅबलेटवर लाल अक्षरं उमटली: वेळ संपली. परीक्षकांनी निर्णय द्यावा. हा उमेदवार परिचारिका होण्यास अपात्र आहे का?