दुसरा साक्षीदार

पोरींनो, तुम्ही काय, कुणीच मानणार नाही. पण तुमच्या मामीने माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या उबवणपेटीचा पारा चढून गजर वाजला. आपोआप!

मूल होत नाही म्हणून जोडपी यायची, त्या दवाखान्यातली ही प्रयोगशाळा. त्यांची बीजं आम्ही सांभाळायचो. नियम कडक. अत्तर लावायचं नाही, आणि एकट्याने बीजांची बशी हलवायची नाही. एकाने बशीवरचं नाव वाचायचं, दुसऱ्याने साक्षीला उभं राहून पडताळायचं. मी नवा, मामी तिथली जुनी, म्हणून साक्षीला तिच्या वाट्याला आलो.

"इतकं जवळ यायला नको," ती मास्कआडून म्हणायची.

"अक्षर बारीक आहे हो..."

"मग चष्मा करा."

चष्मा केला. जवळ येणं काही सुटलं नाही.

शेवटी एकदा धीर करून विचारलं, "तुमच्या घरी येऊन... मागणी घालू?"

तिचे डोळे हसले. "उद्या सांगते."

आणि दुसऱ्या दिवशी नेमकं हार्मोन मोजायचं नवं यंत्र आलं! ते नीट चालतं का, हे पाहायला आमच्यापैकीच कुणीतरी रक्त द्यायचं असतं. तिने हौसेने दंड पुढे केला. यंत्र अगदी नीट चालत होतं. तिचं हसू मात्र गेलं.

मग दिवसभर मान खाली घालून नोंदवहीत आकडे लिहीत राहिली. माझा जीव टांगणीला. पाय ठरेना. जिन्यावरून इतकं वर-खाली केलं, की पायऱ्या झिजून घसरगुंडी झाली. डॉक्टर अजून त्या घसरगुंडीवरून घसरत खाली येतात!

संध्याकाळी तिनेच मला जिन्यात गाठलं.

"यंत्र म्हणतं, माझी बीजं संपत आलीत," ती म्हणाली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत... "या तरुण वयात. मूल कदाचित होणारच नाही. आता सांगा — घालायचीय मागणी?"

मी? मी छाती पुढे काढून खणखणीत आवाजात म्हणालो, "मूल नसलं तरी चालेल, मला तुम्ही—"

"खोटं! साफ खोटं!" पलंगावरून मामी कडाडली. "एक शब्द फुटला नव्हता यांच्या तोंडातून. माझा हात धरून ढसाढसा रडत होते नुसते! शेवटी मलाच म्हणावं लागलं — अहो, पुरे आता... होकार आहे माझा."